लेवी, अहरोन, सादोक : वेदीवरच्या वाट्याचे दावेदार

प्रश्न थोडक्यात असा आहे. बायबलच्या जुन्या करारात याजकांना कुठे ‘लेवी’ म्हटलंय, कुठे ‘अहरोनाचे पुत्र’, तर कुठे ‘सादोकाचे पुत्र’. ही एकाच घराण्याची नावं की वेगवेगळ्या? आणि यज्ञात पशू कापण्यापलीकडे या घराण्यांचं समाजात काम तरी काय होतं?

ग्रंथाने स्वतः दिलेलं उत्तर सोपं आहे. याकोबाच्या बारा मुलांपैकी एक लेवी. त्याच्या वंशात मोशे आणि त्याचा थोरला भाऊ अहरोन. वेदीपाशी जाण्याचा हक्क फक्त अहरोनाच्या वंशजांना. बाकीच्या लेवींनी त्यांच्या हाताखाली राबायचं. अहरोनाच्या वंशात पुढे, दाविदाच्या काळात, सादोक झाला आणि यरुशलेमच्या मंदिराचं मुख्य याजकपद त्याच्या घराण्यात गेलं. मोठ्या वर्तुळात छोटं, त्यात आणखी छोटं. परीक्षेत एवढं लिहिलं तर पूर्ण गुण मिळतात.

अडचण अशी की शास्ते, शमुवेल आणि राजे या पुस्तकांतल्या गोष्टी या रचनेत मावत नाहीत. तिथे एफ्राइमच्या डोंगराळ मुलखातला एक माणूस सरळ आपल्या मुलाला याजक करतो. दाविदाची मुलं याजक होती अशी एक ओळ येते आणि तिचं पुढे कोणी स्पष्टीकरणही देत नाही. शिलोच्या देवळात तागाचा एफोद (याजकाचं अंगवस्त्र) घालून सेवा करणारा शमुवेल एका एफ्राइमी शेतकऱ्याच्या घरचा दिसतो. ‘इतिहास’ नावाच्या पहिल्या पुस्तकात मात्र तोच शमुवेल लेवीच्या वंशावळीत नेऊन बसवलेला आढळतो. जुना करार बरीच वर्षं शिकवल्यावर माझं मत असं झालंय की या वंशावळी वतनाच्या तंट्यातल्या कैफियतीसारख्या वाचाव्यात. कैफियत लिहिणाऱ्याला हक्क सांगायचा असतो, आणि हक्क कशावर आहे ते कळलं की भांडण कळतं.

तेव्हा आधी पोटापाण्याचं बघू.

कनान देशाची वाटणी झाली तेव्हा लेवीच्या वंशाला सलग मुलूख मिळाला नाही. यहोशवाच्या पुस्तकाप्रमाणे त्यांना इतर वंशांच्या हद्दीत विखुरलेली ४८ नगरं आणि त्यांच्या भोवतालची गायरानं मिळाली. त्यातली १३ अहरोनाच्या कुळाची. शेतीवर जगणाऱ्या समाजात जमीन नसणं म्हणजे दुसऱ्याच्या खळ्याकडे डोळे लावून बसणं. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात लेवीचं नाव परका, अनाथ आणि विधवा यांच्याच रांगेत येतं, ते उगाच नाही. त्यावरचा तोडगा असा : लोकांनी उत्पन्नाचा दशमांश लेवींना द्यायचा आणि लेवींनी त्या दशमांशाचा दहावा हिस्सा याजकांना. याजकांचं याखेरीजही बरंच होतं. होमार्पणाचं मांस पूर्ण जळायचं, पण कातडं याजकाचं. शांत्यर्पणातला ऊर आणि उजवी मांडी त्याची. धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा पहिला भाग त्याचा, लोकरीची पहिली कातरणीही त्याची. दर शब्बाथला, म्हणजे विश्रांतीच्या शनिवारी, पवित्रस्थानातल्या मेजावर बारा भाकरी मांडायच्या आणि आधीच्या आठवड्याच्या बारा भाकरी याजकांनी खायच्या. पहिल्या मुलाला सोडवून घेण्याचे पाच शेकेल (चांदीचं वजन), तेही त्याच्याकडेच.

आता बारकाईने पाहा. लेवीय पुस्तकात याजकाचा वाटा ऊर आणि उजवी मांडी. अनुवादात तो खांदा, दोन्ही गालफडं आणि कोथळा. पुढच्या काळातल्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मशिक्षकांनी, दोन्ही नियम एकत्र बसवले, एक यज्ञपशूचा आणि दुसरा घरी कापलेल्या जनावराचा असं म्हणून. मला ते पटत नाही. वेगवेगळ्या देवळांत वेगवेगळे दर चालत असावेत, आणि ग्रंथ रचताना कोणाचाच दर खोडायची कोणाची हिंमत झाली नसावी.

हा वाटा एकट्या याजकाचा नव्हता, त्याच्या घराचा होता. ‘याजक घराणी’ म्हणताना हेच विसरलं जातं. लेवीय पुस्तकाच्या बावीसाव्या अध्यायात पवित्र अन्न कोणी खायचं याची यादी आहे. याजकाने विकत घेतलेला दास खाऊ शकतो, पण मजुरीवर आलेला गडी नाही. याजकाची मुलगी परक्या घरात दिली की तिचा हक्क गेला. ती विधवा झाली किंवा टाकली गेली, मूल नसलं आणि बापाच्या घरी परत आली, तर पुन्हा बापाच्या ताटातलं खाऊ शकते. मूल असेल तर नाही, कारण मूल बापाच्या वंशाचं आणि ते परक्या वंशाचं. स्त्रिया वेदीपाशी कधीच सेवा करत नसत, पण घराण्याची हद्द कुठे संपते हे त्यांच्या लग्नांवरून आखलं जायचं. म्हणूनच याजकाने घटस्फोटित स्त्री करायची नाही आणि मुख्य याजकाने तर विधवाही नाही. मृताला शिवण्याबाबतही तसंच : साध्या याजकाला आईबाप, मुलं, भाऊ, अविवाहित बहीण एवढ्यांपुरती मुभा, मुख्य याजकाला स्वतःच्या आईबापांचीही नाही.

आणखी एक बारीक तरतूद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. अहरोनाच्या वंशातला जो पुरुष आंधळा, लंगडा किंवा अन्य शारीरिक व्यंग असलेला असेल, त्याने वेदीपाशी जायचं नाही. पण पवित्र अन्न त्याने खायचं. सेवेचा हक्क आणि खाण्याचा हक्क हे वेगवेगळे होते.

हक्क आला की त्याचा माज येतो, आणि बायबल तो झाकत नाही. शिलोच्या देवळात एलीची मुलं होफनी आणि फिनहास याजक होती. लोक मांस शिजवत असताना त्यांचा चाकर तीन दातांचा काटा घेऊन यायचा, हंड्यात खुपसायचा आणि वर येईल ते घेऊन जायचा. पुढे पुढे तर चरबी जाळण्याआधीच, ‘याजकाला शिजलेलं नको, कच्चं दे, नाहीतर जबरदस्तीने घेईन,’ अशी मागणी सुरू झाली. चरबी देवाची, ती जळण्याआधी मांस मागणं म्हणजे देवाच्या आधी स्वतःचं पान वाढून घेणं. या घराण्याला मिळालेला शापही पोटाशीच निगडित आहे. तुझ्या वंशात जो उरेल तो नव्या याजकापुढे लोटांगण घालून म्हणेल, मला एखाद्या याजकाच्या कामावर लाव, म्हणजे भाकरीचा तुकडा मिळेल.

आता कामाकडे. सर्वसाधारण समज असा की याजक म्हणजे बळी कापणारा. लेवीय पुस्तकाचा पहिलाच अध्याय नीट वाचा : जनावरावर हात ठेवायचा तो अर्पण करणाऱ्याने आणि कापायचंही त्यानेच. याजकाचं काम तिथून सुरू होतं. रक्त वेदीपाशी नेणं, ते वेदीच्या बाजूंवर टाकणं, लाकडं रचणं, तुकडे मांडणं. रक्त म्हणजे जीव आणि त्याला हात लावायचा अधिकार याजकाचा. पक्षी असेल तर मात्र तोही याजकच मारायचा.

वेदीपलीकडे त्याचं काम मोठं होतं. पवित्र काय आणि साधं काय, शुद्ध काय आणि अशुद्ध काय, हे ठरवणं आणि लोकांना शिकवणं. अंगावर चट्टा उठला की माणूस याजकाकडे जायचा. याजक केसांचा रंग बघायचा, चट्टा कातडीच्या आत उतरलाय का ते बघायचा, शंका असली तर सात दिवस वेगळं ठेवून पुन्हा तपासायचा. तो औषध देत नसे. बरा झालेला माणूस पुन्हा वस्तीत येऊ शकतो की नाही, एवढाच त्याचा निर्णय, पण त्या निर्णयावर माणसाचं अख्खं घर अवलंबून असे. गावच्या पंचांना न सुटणारा खटला मंदिरातल्या लेवी याजकांकडे आणि न्यायाधीशाकडे न्यायचा, असंही अनुवादात आहे.

सगळ्यात जुनं काम बहुधा देवाला कौल लावण्याचं असावं. मुख्य याजकाच्या ऊरपटात उरीम आणि थुम्मीम नावाच्या दोन वस्तू असत आणि त्यांच्यावरून हो किंवा नाही असं उत्तर काढत. सिकलागची वस्ती अमालेकींनी जाळून बायकामुलं पळवली तेव्हा दाविदाने अब्याथार याजकाला एफोद आणायला सांगितलं आणि विचारलं, ‘पाठलाग करू का?’ लढाईला जायचं की नाही हे याजक सांगणार, म्हणजे राजाच्या जवळ याजक असणं ही राजकारणातली मोठी गोष्ट होती. पुढच्या काळात हे काम संदेष्ट्यांकडे गेलं आणि उरीम-थुम्मीम नुसतं नाव उरलं.

आणि आशीर्वाद. ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे संरक्षण करो’ ही गणना पुस्तकातली वचनं अहरोनाच्या पुत्रांनी लोकांवर उच्चारायची. १९७९ मध्ये गाब्रिएल बारकाई यांना यरुशलेमजवळच्या केतेफ हिन्नोम इथल्या थडग्यात चांदीच्या पातळ पत्र्याच्या दोन गुंडाळ्या सापडल्या. हळुवारपणे उलगडल्यावर त्यांवर याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले निघाले. काळ इ.स.पू. सातव्या शतकाच्या शेवटचा किंवा सहाव्याच्या सुरुवातीचा. बायबलमधल्या मजकुराशी जुळणारा याहून जुना लेख आजवर हाती आलेला नाही. तो याजकांचा आहे, आणि ताईत म्हणून कोणीतरी गळ्यात घातलेला असावा.

आता घराण्यांचं भांडण, म्हणजे तुमच्या प्रश्नाचा गाभा.

सुरुवात शास्ते पुस्तकाच्या सतराव्या-अठराव्या अध्यायांपासून करावी. मी विद्यार्थ्यांना नेहमी तिथूनच सुरुवात करायला लावतो, लेवीय पुस्तकापासून नाही. मीखा नावाचा माणूस घरात देव्हारा मांडतो आणि आधी स्वतःच्या मुलाला याजक करतो. मग यहूदातल्या बेथलेहेमचा एक तरुण लेवी कामधंदा शोधत दारात येतो. मीखा त्याला वर्षाला दहा शेकेल चांदी, एक जोडी कपडे आणि जेवण देऊन ठेवून घेतो आणि म्हणतो, आता माझं भलं होणार, कारण मला लेवी याजक मिळाला. काही दिवसांनी दान वंशाचे लोक देव्हाऱ्यासकट त्याला उचलतात आणि विचारतात, एका घरचा याजक होणं बरं की एका वंशाचा? तो खुशीने जातो. म्हणजे त्या काळी कोणीही याजक होऊ शकत होता, पण लेवी मिळाला तर जास्त चांगला. लेवीपण ही जातीपेक्षा कसबाच्या जवळची गोष्ट होती. गोष्टीच्या शेवटी त्या तरुणाचं नाव कळतं : योनाथान, गेर्षोमाचा मुलगा, आणि गेर्षोम हा मोशेचा. हिब्रू प्रतींत मोशेच्या नावात एक ‘नून’ अक्षर ओळीच्या किंचित वर घुसवलेलं दिसतं, म्हणजे वाचताना मोशेऐवजी मनश्शे होतं. मोशेचा नातू मूर्तीचा पुजारी होता हे नकलनविसाला सोसवलं नाही, पण जुनं अक्षर पुसायचं धाडसही झालं नाही.

म्हणजे उत्तरेला दानच्या देवळात मोशेपासून वंश सांगणारं एक याजक घराणं होतं. फ्रँक मूर क्रॉस या अभ्यासकाने १९७३ मध्ये असं मांडलं की मोशेवंशी आणि अहरोनवंशी याजकांची जुनी चढाओढ बायबलच्या बऱ्याच गोष्टींच्या मागे आहे. सोन्याच्या वासराची गोष्ट घ्या. निर्गम पुस्तकात वासरू घडवतो अहरोन, आणि त्याबद्दल तीन हजार माणसं कापून निष्ठा दाखवतात लेवी. ‘हे इस्राएला, ज्यांनी तुला मिसर देशातून आणलं तेच हे तुझे देव,’ हे त्या वेळचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे उत्तरेच्या राज्याचा राजा यराबाम बेथेल आणि दान इथे वासरं बसवताना उच्चारतो. यराबामाच्या मुलांची नावं नादाब आणि अबीया. अहरोनाच्या वेदीपाशी जळून मेलेल्या मुलांची नादाब आणि अबीहू. इतकं जुळणं योगायोग वाटत नाही. बेथेलचे याजक अहरोनाचा वारसा सांगत असावेत आणि त्यांच्या विरोधकांनी ही गोष्ट त्यांच्यावर रोखली असावी. क्रॉसचं सगळंच मी मानत नाही, पण हा धागा घट्ट आहे.

शिलोच्या एली घराण्याचं पुढे काय झालं? शिलो पडल्यावर ते नोब गावी आले. दाविदाला भाकरी आणि गल्याथाची तलवार दिली म्हणून शौल राजाने दवेग अदोमीकरवी एका दिवसात ८५ याजक मारले. त्यातून एकटा अब्याथार निसटला, एफोद घेऊन दाविदाकडे गेला आणि राज्याच्या चढत्या काळात त्याच्याबरोबर राहिला. दावीद यरुशलेम जिंकतो आणि अचानक अब्याथाराच्या बरोबरीने एक दुसरा याजक दिसू लागतो : सादोक. त्याचा बाप म्हणून अहीटूब हे नाव येतं, जे खरं तर एली घराण्यातलं आहे. बाकी मागचं काही नाही. हा सादोक यरुशलेमच्या जुन्या यबूसी देवळातलाच याजक असावा, आणि जिंकलेल्या शहराला सांभाळून घ्यायला दाविदाने त्याला ठेवला असावा, असं काही अभ्यासक मानतात. ते सिद्ध करता येत नाही. पण इतिहासाच्या पुस्तकात त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ थेट अहरोनाच्या एलाजार या मुलापर्यंत मिळते आणि ती वाचताना कैफियत आठवते.

दाविदाच्या म्हातारपणी गादीचा प्रश्न आला तेव्हा अब्याथार अदोनीयाच्या बाजूला गेला आणि सादोक शलमोनाच्या. शलमोन जिंकला. अब्याथाराला त्याने मारलं नाही; अनाथोथ गावातल्या शेतावर जा म्हणून सांगितलं. (जमीन नसलेल्या याजकाचं शेत, हेही बघून ठेवा.) मंदिर उभं राहिलं ते सादोकाच्या घराण्याच्या हाताखाली. तीनशेच्या वर वर्षांनी याच अनाथोथच्या याजकांपैकी एकाचा मुलगा, यिर्मया, मंदिराच्या दारात उभा राहून म्हणाला : शिलोला जा आणि तिथे काय झालं ते बघा. तो अब्याथाराचाच वंशज होता असं ग्रंथ म्हणत नाही, पण त्या गावातून आलेल्या माणसाच्या तोंडी शिलोचं नाव ऐकून मंदिरातले याजक का खवळले असतील ते कळतं.

मोठा धक्का बसला तो योशीया राजाच्या काळात, इ.स.पू. ६२२ च्या सुमारास. मुख्य याजक हिल्कीया याला मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला आणि राजाने यरुशलेमबाहेरची सगळी उच्च स्थानं, म्हणजे गावोगावची देवस्थानं, मोडली. नेगेव भागातल्या अराद इथे किल्ल्याच्या आत असं एक यहूदी देऊळ खोदकामात सापडलंय. गाभाऱ्याशी धुपाच्या दोन वेद्या होत्या आणि २०२० मध्ये त्यांवरच्या अवशेषांत एकीवर ऊद आणि दुसरीवर गांजा आढळला. त्याच जागी खापरांवर शाईने लिहिलेली मरेमोथ आणि पशहूर ही नावं मिळाली, जी बायबलमध्ये याजक घराण्यांतली म्हणून येतात. ते देऊळ योशीयाच्याही आधी बंद झालं असावं. पण गावोगावी अशी देवळं आणि त्यांवर पोट भरणारी घराणी होती हे त्यावरून दिसतं. देवळं मोडल्यावर त्यांनी काय खायचं? अनुवाद म्हणतो, गावचा लेवी यरुशलेमला आला तर त्याला इतरांइतकाच सेवेचा हक्क आणि सारखा वाटा. प्रत्यक्षात राजांच्या दुसऱ्या पुस्तकात एकच कोरडं वाक्य आहे : उच्च स्थानांचे याजक यरुशलेमच्या वेदीपाशी गेले नाहीत, त्यांनी आपल्या भाऊबंदांत बसून बेखमीर भाकरी खाल्ली. मघाची व्यंगाची तरतूद आठवते? जेवण मिळणार, वेदी नाही. सगळ्या गावचे याजक एका फटक्यात व्यंग असलेल्यांच्या पंगतीला बसवले गेले.

यरुशलेम पडल्यावर बाबेलच्या बंदिवासात यहेज्केल संदेष्ट्याने, जो स्वतः याजक होता, त्याला तत्त्व जोडलं. लेवी मूर्तींच्या मागे गेले म्हणून त्यांनी दारं राखावीत, पशू कापावेत. देव म्हणतो, माझ्याजवळ फक्त सादोकाचे पुत्र येतील. युलियुस वेलहाउझेनने १८७८ मध्ये याच उताऱ्यावर बोट ठेवून म्हटलं की याजक आणि लेवी हा भेद मोशेच्या काळचा नाही, तो इथे जन्माला आला. आज त्याच्या मांडणीतल्या अनेक गोष्टी मागे पडल्यात, ही फारशी नाही.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर : ‘लेवी’ हे कसबी याजकांचं जुनं, सैल नाव, ‘सादोकाचे पुत्र’ हा यरुशलेमच्या राजमंदिरातल्या घराण्याचा दावा, आणि ‘अहरोनाचे पुत्र’ ही बंदिवासानंतर झालेली तडजोड, ज्यात सादोकी मुख्य राहिले पण जुन्या काही घराण्यांनाही आत घेतलं गेलं. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात याजकांच्या २४ पाळ्या (आळीपाळीने सेवा करणारे गट) सांगितल्यात, त्यांतल्या १६ एलाजाराच्या वंशाच्या आणि ८ अहरोनाच्याच इथामार या आणखी एका मुलाच्या. इथामाराकडे अब्याथाराचं घराणं जोडलेलं आहे. हाकललेल्यांना एक तृतीयांश मिळाला, असं म्हणायला हरकत नाही.

बंदिवासातून परत आलेल्यांची एज्राच्या पुस्तकातली यादी या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. यदाया ९७३, इम्मेर १०५२, पशहूर १२४७, हारीम १०१७ : चार घराणी मिळून ४२८९ याजक. आणि लेवी? ७४. दुय्यम काम करायला बाबेलमधलं बस्तान मोडून कोण येणार? एज्रा स्वतः निघाला तेव्हाही एकही लेवी बरोबर नव्हता. माणसं पाठवून ३८ गोळा करावे लागले. नहेम्याच्या काळात वाटा मिळेना म्हणून लेवी आणि गायक आपापल्या शेतावर निघून गेले होते.

त्याच यादीत हक्कोसचं घराणं येतं. त्यांनी वंशावळीच्या नोंदी शोधल्या, सापडल्या नाहीत, म्हणून अशुद्ध ठरवून त्यांना याजकपदातून काढलं. उरीम-थुम्मीमसह याजक उभा राहीपर्यंत पवित्र अन्न खायचं नाही असा हुकूम झाला. उरीम-थुम्मीम तर पुन्हा आलेच नाहीत. पण एज्राच्या आठव्या अध्यायात मंदिराची चांदी-सोनं मोजून घेणारा याजक आहे उरीयाचा मुलगा मरेमोथ, आणि नहेम्यात तटबंदी बांधणाऱ्यांत हाच उरीयाचा मुलगा मरेमोथ हक्कोसचा म्हणून नोंदलाय. चोवीस पाळ्यांत तर हक्कोस सातव्या क्रमांकावर आहे. कागद कुठून मिळाला कोण जाणे, पण मिळाला. मला सगळ्या जुन्या करारात याहून बोलकी वंशावळ ठाऊक नाही.

दुसऱ्या, म्हणजे बंदिवासानंतर पुन्हा बांधलेल्या मंदिराच्या काळात ही व्यवस्था घट्ट झाली. प्रत्येक पाळीला वर्षातून दोनदा एकेक आठवडा सेवा. मोठ्या सणांना सगळ्या हजर. उरलेलं वर्ष बहुतेक याजक आपापल्या गावी. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप जखर्या हा आठव्या, अबीयाच्या पाळीतला होता, डोंगराळ भागात राहायचा आणि त्याला धूप जाळण्याची चिठ्ठी निघाली. चिठ्ठ्या का, तेही मिश्ना या रब्बींच्या नियमसंग्रहात आहे. पूर्वी वेदीची राख काढायचा मान मिळवायला याजक वेदीच्या चढणीवरून धावत सुटायचे. एकदा दोघं बरोबरीने पोचले, एकाने दुसऱ्याला ढकललं, त्याचा पाय मोडला आणि तेव्हापासून चिठ्ठ्या सुरू झाल्या. धुपासाठी तर ज्यांनी तो कधीच जाळला नाही अशांनाच बोलवत. जखर्याचा तो दिवस आयुष्यात एकदा येणारा होता.

लेवींकडे गाणं आणि दारं राहिली. आसाफाच्या नावाची बारा स्तोत्रं आज स्तोत्रसंहितेत आहेत. कोरहाच्या पुत्रांचीही आहेत. हा कोरह तोच, ज्याने ‘सगळी मंडळी पवित्र आहे, मग तुम्हीच वर का?’ असं मोशे-अहरोनाला विचारलं आणि ज्याला धरणीने गिळलं. त्याचे मुलगे मात्र मेले नाहीत असं ग्रंथ मुद्दाम नोंदवतो. मंदिराच्या दारात त्याचे वंशज गात उभे असताना ती नोंद आवश्यकच होती.

कसबाची मक्तेदारी घराणी किती जपत? मिश्ना काहींची नावं घेऊन निंदा करते. गार्मूचं घराणं मेजावरच्या भाकरीची कृती शिकवेना, अवतीनासचं घराणं धुपाची. तालमुदात, म्हणजे मिश्नावरच्या रब्बींच्या चर्चाग्रंथात, पुढे येतं की अलेक्झांड्रियाहून कारागीर आणले, पण त्यांच्या भाकरीला बुरशी लागली आणि त्यांच्या धुपाचा धूर सरळ वर चढेना. शेवटी जुन्यांनाच दुप्पट मोबदल्यावर परत बोलवावं लागलं. अवतीनासच्या घरातली नववधूसुद्धा कधी अत्तर लावत नसे, म्हणे, मंदिरातला धूप घरी वापरतात असा संशय कोणी घेऊ नये म्हणून.

वर मात्र सगळं सडत गेलं. इ.स.पू. १७५ मध्ये यासोनाने सिल्युकसी (सीरियातल्या ग्रीक घराण्याचा) राजा चौथा अँटिओकस याला पैसे देऊन सख्ख्या भावाचं, ओनियासचं, मुख्य याजकपद घेतलं. तीन वर्षांत मेनेलाउसने तीनशे टॅलेंट जास्त देऊन त्याच्याकडून ते काढून घेतलं. बंड करून हसमोनी हे ज्यू घराणं पुढे आलं, पण तेही सादोकी नव्हते, यहोयारीबच्या पाळीतले गावचे याजक, इ.स.पू. १५२ मध्ये योनाथान मुख्य याजक झाला तोही एका सिल्युकसी दावेदाराच्या मेहरबानीने. डावलल्या गेलेल्या ओनियास घराण्याने इजिप्तमध्ये लिओंटोपोलिसला स्वतःचं मंदिर काढलं. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुंडाळ्यांत ‘सादोकाचे पुत्र’ हे नाव इतक्या आदराने का येतं, ते या पार्श्वभूमीवर वाचा. रोमनांच्या आधाराने राज्य करणाऱ्या हेरोद राजाने तर मुख्य याजक नोकरासारखे नेमले आणि काढले. त्याच्या काळापासून मंदिर पडेपर्यंत २८ झाले, अशी पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार योसेफस याची गणती आहे. योसेफस स्वतः पहिल्या पाळीतला याजक. मुख्य याजकांचे चाकर खळ्यांवर जाऊन दशमांश हिसकावून नेत आणि गरीब याजक उपाशी मरत, हे त्यानेच लिहून ठेवलंय. होफनीचा काटा पुन्हा, फक्त आता याजकांच्याच विरुद्ध. तालमुदात याच घराण्यांची नावं घेऊन केलेला आक्रोश आहे : ते मुख्य याजक, त्यांची मुलं खजिनदार, जावई कारभारी आणि नोकर लोकांना काठीने मारतात. त्यातलं एक नाव काथ्रोस. १९७० मध्ये नाहमान अविगाद यांना यरुशलेममध्ये इ.स. ७० च्या आगीत जळालेलं एक घर सापडलं आणि त्यात एक दगडी वजन, त्यावर अक्षरं : ‘बार काथ्रोस’.

मंदिर जळालं, तरी घराणी उरली. ज्यूंमधले कोहेन, म्हणजे याजक वंशाचे लोक, आजही स्मशानात शक्यतो जात नाहीत, घटस्फोटित स्त्रीशी परंपरेने लग्न करत नाहीत, सभागृहात (सिनेगॉगमध्ये) तोरा, म्हणजे मोशेचं नियमशास्त्र, वाचायला पहिलं बोलावणं त्यांना असतं. शोमरोनी (समॅरिटन) लोकांत एलाजाराच्या शाखेतला शेवटचा मुख्य याजक १६२४ मध्ये निपुत्रिक वारला आणि पद इथामाराच्या शाखेकडे गेलं. ते आजही चालू आहे आणि गरिज्जीम डोंगरावर वल्हांडणाचा, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या सणाचा, बळीही होतो.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजाबद्दल अनेकदा विचारलं जातं, म्हणून तेही. तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले हे लोक शब्बाथ, सुंता आणि ‘शमा’ची (देव एकच आहे या कबुलीची) प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या टिकवून होते, पण त्यांच्यात परंपरेने कोहेन किंवा लेवी मानलं गेलेलं घराणं नाही. लग्न, सुंता हे विधी समाजातलेच, काजी म्हटले जाणारे लोक गावोगावी करत, आणि काजीपद काही कुटुंबांत वंशपरंपरेने चालत असे. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मांडवीला सभागृह बांधलं, तेव्हा कोहेन नसलेल्या मंडळीचे नियम ज्यू शास्त्रात तयारच होते : पहिलं बोलावणं साध्या इस्राएलाला द्यायचं, आणि अहरोनाच्या पुत्रांचा तो आशीर्वाद प्रार्थना चालवणाऱ्याने हात न उचलता, विनंती म्हणून म्हणायचा.